मशीनमध्ये गेलेली इरकल

मागच्या आषाढात एका सकाळी माझ्या हातून सासूबाईंची रेशमी इरकल वॉशिंग मशीनमध्ये गेली. कशी गेली ते आधी सांगते.

आदल्या दिवशी खानापूरला नात्यात वास्तुशांत होती. सासूबाई इरकल नेसून गेल्या आणि येताना पावसाने गाठलं. साडी चिंब भिजली नव्हती, पण दमटली होती. बेळगावच्या पावसात दमट रेशीम घडी घालून ठेवलं तर बुरशीचे ठिपके धरतात, म्हणून त्यांनी ती रात्री मागच्या खोलीतल्या पलंगावर पंख्याखाली पसरून ठेवली. सकाळी वीज गेलेली. मी अंधारातच पलंगावरची चादर चारी टोकांनी उचलली, साडीसकट, आणि मशीनमध्ये कोंबली. वीज आली तसं बटण दाबलं. आत दोन चादरी, उशांचे अभ्रे, दोन टॉवेल आणि हुकांचा माझा एक ब्लाउज. पाणी चाळीस डिग्रीचं, पावडर नेहमीची.

लेकाच्या डब्याच्या पोळ्या करताना मशीनकडे लक्ष गेलं, तर गोल काचेमागचा फेस गुलाबी. मशीन थांबवलं. पण समोरून उघडणाऱ्या मशीनचं दार आत पाणी असेपर्यंत सुटत नाही. पाणी काढायचं बटण दाबून मी जमिनीवर बसले. काचेला चिकटलेला मरून काठ दिसला, त्यातली गोमी ही बारीक काठाची नक्षी दिसली, आणि मग काही शंका उरली नाही.

ही साडी १९८६ सालची. माझ्या नवऱ्याच्या बारशाला सासूबाईंच्या आईने इलकलला, म्हणजे इरकलीच्या मूळ गावी, जाऊन घेतलेली. तेव्हा ते गाव विजापूर जिल्ह्यात होतं, बागलकोट जिल्हा १९९७ साली वेगळा झाला. अंग गर्द हिरवं, पदर टोपपदर. इरकलीचा पदर ज्यांनी नीट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: त्यात लाल रंगाचे तीन भरीव भाग असतात आणि त्यांच्या मधे पांढऱ्याचे दोन. लाल आणि पांढरं जिथे भेटतं तिथे फणीचे दात, किल्ल्याचे कंगोरे, जोंधळ्याचं कणीस असे आकार विणलेले असतात. पदराचा ताणा, म्हणजे लांबीकडचे उभे धागे, अंगाच्या ताण्याहून वेगळा असतो. विणकर अंगाच्या एकेका धाग्याच्या फासात पदराचा धागा अडकवून दोन्ही ताणे जोडतो. या जोडणीला टोप तेणी म्हणतात. इतके दिवस मी ती साडी घड्या घालून कपाटात ठेवत होते, पण या जोडाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या सकाळी पाहिलं, कारण तो पूर्ण चुणून आला होता.

दार उघडलं तेव्हा साडी हाताला बुळबुळीत लागली. पदराचे दोन्ही पांढरे भाग गुलाबी झाले होते आणि तो गुलाबीही एकसारखा नव्हता, ढगाढगांचा होता. लाल रंग हिरव्यावर जिथे टेकला होता तिथे मातकट डाग पडलेले. ब्लाउजचं हुक अडकून पदराच्या खालचं हिरवं अंग बोटभर फाटलं होतं. आणि टॉवेल जिथे घासले होते तिथे हिरव्यावर पांढुरकी झाक आली होती, पीठ उडाल्यासारखी. मी ती पुसून पाहिली. जात नव्हती.

सगळ्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. शेजारच्या काकूंनी मूठभर मीठ आणि व्हिनेगरची बाटली आणली, रंग लगेच धरून ठेवला पाहिजे म्हणाल्या. नवरा म्हणाला पिळून पंख्याखाली टाकूया. सासूबाई बाथरूमच्या दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "वाळू देऊ नकोस. वाळली की डाग बसला. आणि तिला दुसरं काय लावू नको, आपण वडगावला जाऊया." मग आत जाऊन त्यांनी माझ्या दिवंगत सासऱ्यांची दोन जुनी धोतरं काढली, धुऊन धुऊन मलमलीसारखी मऊ झालेली. साडी त्यांत गुंडाळली, प्रत्येक घडीमध्ये धोतराचा पदर येईल अशी, आणि बादलीत ठेवली. टिळकवाडीतून गोवावेस, शहापूर करत आम्ही वडगावला गेलो. मी स्कूटरवर, सासूबाई मागे, त्यांच्या मांडीवर बादली, बादलीवर प्लॅस्टिक.

वडगावच्या गल्ल्यांत अजून मागांचा आवाज येतो, आता बहुतेक यंत्रमागांचा. ज्यांच्याकडे गेलो ते मामा हातमागावर आयुष्य काढलेले, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. सासूबाईंची त्यांच्या घराशी जुनी ओळख. मी बादलीतून साडी काढताना सवयीने तिचं टोक मुठीत दाबलं. ते ओसरीवरून ओरडले, "हिंडब्याड्री अक्का, हिंडब्याड!" पिळू नका. ओलं रेशीम कोरड्याहून अशक्त असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मशीनने पाणी काढलं पण गरगर फिरवून पिळलं नाही, याचं त्यांना सगळ्यात बरं वाटलं.

त्यांनी आधी काही केलंच नाही. साडी एका मोठ्या पराती­त थंड पाण्यात सोडली आणि धोतराचा एक कोरडा तुकडा पदराच्या लाल भागावर दाबला. तुकड्यावर लाल ठसा उमटला. म्हणजे रंग अजून सुटतोय. मग हिरव्यावर दुसरा तुकडा दाबला. त्यावर काहीच उमटलं नाही. "हिरवं पक्कं आहे. चोर लाल आहे," ते म्हणाले. मीठ आणि व्हिनेगरचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. मीठ नव्या सुती कापडाला लोक घालतात, पण सुटून भलतीकडे बसलेल्या रंगाला त्याने काही होत नाही. व्हिनेगर मात्र चालेल, पण आता नाही, सगळ्यात शेवटी.

यामागचं कारण त्यांनी सांगितलं तसं इथे मांडते, कारण बहुतेक घरांत हे उलट केलं जातं. रेशमाला असले रंग बहुधा आंबट पाण्यात चढवतात. आंबट पाण्यात रेशीम रंगाला घट्ट धरतं. मग जो लाल आपल्या जागी आहे तो जसा धरला जाईल, तसाच जो भटकून पांढऱ्यावर जाऊन बसलाय तोही धरला जाईल. म्हणून आधी भटकलेला रंग साध्या थंड पाण्याने जेवढा निघेल तेवढा काढायचा, आणि निघणं थांबलं की मग आंबट पाणी. काकूंचं ऐकून मी सकाळीच व्हिनेगर ओतलं असतं तर तो गुलाबी रंग मी माझ्या हाताने पक्का केला असता.

पावडरचंही त्यांनी सांगितलं. कच्च्या रेशमावर एक डिंक असतो. तो काढायला रेशीम साबण-सोड्याच्या पाण्यात उकळतात आणि त्यात वजनाचा जवळपास चौथा हिस्सा जातो. "रेशमाने सोडा एकदा पाहिलेला असतो," ते म्हणाले, "पण मापात. दुसऱ्यांदा दाखवायचा नाही." आपली कपड्यांची पावडर सोड्यासारखीच अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाची, आणि बऱ्याच पावडरींत दुधाचे, अंड्याचे, रक्ताचे डाग विरघळवणारी एन्झाइमं असतात. ती प्रथिनं तोडतात. रेशीम स्वतःच प्रथिन आहे, आपल्या केसांसारखं. हे एन्झाइमचं मी नंतर पावडरच्या पाकिटावर वाचलं आणि पाकीट कपाटाच्या मागच्या बाजूला ठेवून दिलं.

काम आमच्याच घरी करायचं ठरलं, कारण ते दिवसभराचं होतं. मामांनी क्रम सांगितला आणि सासूबाईंनी तो जसाच्या तसा लक्षात ठेवला.

पहिली गोष्ट, पदर आणि अंग वेगवेगळ्या पाण्यात. एका टबात अंग, दुसऱ्यात पदर, आणि मधला जोड दोन टबांच्या काठांवर टेकवलेल्या लाटण्यावर. दोघींनी ते जमवायला अर्धा तास घेतला. लोकरीच्या कपड्यांसाठी जे पातळ डिटर्जंट मिळतं त्याचं अर्धं झाकण बादलीभर पाण्यात. चोळायचं नाही, कुस्करायचं नाही. तळहात उपडा ठेवून पाण्याखाली नुसतं वर-खाली हलवायचं, पाच-सात मिनिटं. मग पाणी बदलायचं. पदर टबात घडी न पडता सपाट पसरलेला हवा, कारण लाल भागाची घडी पांढऱ्यावर आली की काढलेला रंग पुन्हा तिथेच बसतो. प्रत्येक पाण्यानंतर पदर परातीवर पसरून, लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये धोतराच्या पट्ट्या घालून वरून दाबायचं. पट्टीवर किती रंग आला ते बघून पुढचं पाणी.

पहिली चार पाणी सरबतासारखी निघाली. पाचव्याला मला वाटलं संपलं, सहाव्याला पुन्हा गुलाबी. अंगाच्या टबातलं पाणी तिसऱ्यालाच स्वच्छ झालं होतं आणि हिरव्यावरचे मातकट डाग जवळजवळ गेले होते. त्यामुळे मला घाई सुटली. पाणी जरा कोमट केलं तर लवकर निघेल असं मी म्हटलं. सासूबाईंनी माझ्या हातातली गरम पाण्याची तपेली काढून घेतली. "गरम पाण्यानेच झालंय सगळं." त्या स्टुलावर बसल्या होत्या, गुडघे दुखत होते, पण उठल्या नाहीत. पदराची एकूण अकरा पाणी झाली. अकराव्याला पट्टी पांढरी निघाली.

आता खळबळण्याचं पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरे थर येतात. नळाचं पाणी त्या दिवशी आलं नव्हतं. मामा म्हणाले होते, "पाऊस आहे की दारात." पण कौलांवरून उतरणारी पागोळी नको, तिच्यात शेवाळ आणि माती असते. म्हणून गच्चीवर उघड्यावर तीन घमेली आणि पिठाची मोठी परात ठेवली. बेळगावचा आषाढ, तासाभरात दोन बादल्या भरल्या. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, डिटर्जंट त्यात लगेच सुटतं. दोन वेळा खळबळलं आणि साडीचा तो बुळबुळीतपणा गेला. पण हाताला ती अजून मेलेलीच वाटत होती, मऊ, पडलेली, जुन्या पंच्यासारखी.

यानंतर व्हिनेगर. चायनीज करायला आणलेलं पांढरं, एक मोठा चमचा, अर्धी बादली पावसाच्या पाण्यात. पाच मिनिटं. मग परत एक साधं पाणी.

इथे मला मामांचं एक वाक्य आठवलं. निघताना त्यांनी आपल्या मागावरच्या रेशमाचा कोपरा माझ्या कानाजवळ धरून चिमटीत चुरगाळला होता. "सप्पळ केळ्री," आवाज ऐका. ताज्या बर्फावर पाय पडावा असा करकर आवाज आला होता... बर्फावर मी कधी चालले नाही, कोरड्या तांदळात बोटं घातल्यावर येतो तसा म्हणते, ते खरं. रेशमाचा हा आवाज सोड्याने जातो आणि हलक्या आंबट पाण्याने परत येतो, असं त्यांनी सांगितलं होतं. साडी ओली असताना तो कळणार नव्हता. वाळेपर्यंत थांबायचं होतं.

वाळवणं हा पावसाळ्यात वेगळाच प्रश्न. ऊन नाहीच, आणि असतं तरी रेशमाला चालत नाही, पिवळं पडतं आणि रंग उडतो. साडी कोरड्या टॉवेलांत गुंडाळून वळकटी केली आणि तिच्यावर तळहातांनी दाबत गेलो. तीन टॉवेल भिजले. मग दोरीवर नाही, कारण दोरीची रेघ ओल्या रेशमात कायमची उमटते. गाद्या गुंडाळायच्या जुन्या जाड वेळूला धोतर गुंडाळलं आणि त्यावर अंग टाकलं. पदर मात्र पलंगावर सपाट, खालीवर कोरडं कापड. खोलीतले दोन्ही पंखे. रात्री दर दोन तासांनी उठून पदराखालचं कापड बदललं. तीन वाजता सासूबाई आधीच जाग्या होत्या आणि कापड बदलत होत्या.

सकाळी अंग वाळलं होतं. मी कोपरा चिमटीत धरला, कानाजवळ नेला, चुरगाळला. आवाज होता. मागावरच्या नव्या रेशमाइतका नाही, पण होता. मी सासूबाईंच्या कानाजवळ धरला. त्यांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा धरला.

पुढची कामं मोजकी होती, पण त्यातल्या एकात मी चुकणार होते. पांढऱ्या भागांवर फिकट गुलाबी सावली उरली होती. मला ती खुपत होती. शहरातल्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दाखवली, तर ते म्हणाले, ठेवून जा, पांढरं शुभ्र करून देतो. कशाने, विचारलं, तर म्हणाले हायड्रोसने. मी मामांना फोन लावला. हायड्रोस रंग तोडून टाकतं, पण भटकलेला लाल कुठला आणि जागेवरचा लाल कुठला हे त्याला कळत नाही. फणीचे दात आणि जोंधळ्याची कणसं त्या पांढऱ्याच्या कडेलाच आहेत. साडी परत आणली. क्लोरीनच्या ब्लीचचं तर नावच नको, ते रेशीम खातं.

चुणलेला जोड इस्त्रीने सुटला. साडी किंचित ओलसर असताना, उलट्या बाजूने, वर मलमल घालून, कमी तापलेली इस्त्री. एकीने ताण्याच्या दिशेने हलकं धरायचं, दुसरीने इस्त्री टेकवायची, ओढायची नाही. टेकवायची आणि उचलायची. टोप तेणीचे ते हजारो फास त्या वेळी मी बोटाखाली एकेक करून पाहिले. एकही तुटला नव्हता.

फाटलेल्या जागेला रफू हवा होता. बाजारातल्या रफूवाल्या चाचांनी हिरव्या रेशमाची रिळं काढलीच नाहीत. त्यांनी साडीचं आतलं टोक मागितलं, जे नेसताना कमरेला खोचलं जातं, आणि त्यातून चार-पाच धागे सोडवून घेतले. चाळीस वर्षांच्या हिरव्याला चाळीस वर्षांचंच हिरवं जुळतं. दोन दिवसांनी ती जागा शोधायला मला साडी उजेडात धरावी लागली. रोल पॉलिश करून घ्यायला गेलो तेव्हा कांजी लावू नका एवढं सांगितलं. कडक झालेलं अशक्त रेशीम घडीवर चिरतं.

टॉवेलांनी घासून आलेली पांढुरकी झाक मात्र गेली नाही. ती रंगाची नाही, धाग्याची आहे. घासून रेशमाच्या तंतूचे बारीक बारीक केस उभे राहिलेत आणि उजेड त्यांवर विखुरतो. त्यावर घरी किंवा दुकानात काही उपाय नाही, असं मामांनी साडी हातात घेऊन, खिडकीशी नेऊन, बराच वेळ बघून सांगितलं. झाक हातभर जागेत आहे. सासूबाईंनी नेसून पाहिलं तर ती जागा निऱ्यांच्या आतल्या घडीत गेली. पदराचे पांढरे भाग आता पांढरे नाहीत, शेवंतीच्या पाकळीच्या मुळाशी असतो तसा रंग आहे.

तुळशीच्या लग्नानंतर निपाणीला भाचीचं लग्न होतं. सासूबाई हीच साडी नेसल्या. मी त्यांना दुसरी काढून दिली होती, ती त्यांनी परत कपाटात ठेवली. मांडवात एका बाईने विचारलं, हा पदर असा गुलाबी कुठे मिळाला, इलकलला का? सासूबाई म्हणाल्या, "अर्धा इलकलला, अर्धा घरी." आणि मग सगळी हकीकत सांगितली, माझं नाव न घेता.

साडी आता कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत नसते, मलमलीत असते, कडुलिंबाच्या पाल्यासोबत. दर तीन महिन्यांनी घडी बदलतो, म्हणजे एकाच रेघेवर रेशीम मोडत नाही. परवाच बदलली. त्या काठ धरून पलंगाच्या त्या बाजूला, मी पदर धरून या बाजूला. घडी घालायच्या आधी त्यांनी कोपरा चिमटीत धरून माझ्या कानाशी आणला.